मातीतली बाईक डांबरावर आणताना

डर्ट बाईक रस्त्यावर धावण्याजोगी करून घेण्याची हौस जगभर जुनी आहे. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि ही हौस आपल्या शहरांतही दिसू लागली. पुढचे एकवीस इंची, गाठीगाठींच्या टायरचे चाक काढायचे, त्या जागी सतरा इंची चाक आणि रुंद, गुळगुळीत टायर बसवायचा, जमल्यास ब्रेकची मोठी डिस्क लावायची, की रूपांतर पूर्ण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. या समजात एक मोठी त्रुटी आहे. चाक बदलले, टायरची पकड वाढली, ब्रेकची ताकद वाढली. परंतु हे सारे ज्याच्या आधारावर उभे असते तो पुढचा फोर्क, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला 'शॉकअप', मातीतलाच राहतो. समोरून अचानक रिक्षा आडवी येते आणि ब्रेक करकचून दाबला जातो, त्या क्षणी हा दुर्लक्षित भाग आपले अस्तित्व दाखवून देतो.

अशा बाईकला 'सुपरमोटो' म्हणतात. १९७९ मध्ये गॅव्हिन ट्रिप या संयोजकाने अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणीसाठी कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत भरवली. मार्ग काही डांबरी, काही मातीचा. आणि स्वार मोटोक्रॉस, डर्ट-ट्रॅक व डांबरी ट्रॅक अशा तिन्ही जगांतले. १९८५ नंतर ती शर्यत थांबली. मात्र युरोपने, विशेषतः फ्रान्सने, ही कल्पना उचलून धरली आणि २००२ पासून तिचे जागतिक अजिंक्यपदही सुरू झाले. मातीची बाईक डांबरावर चालवायची तर तिचे काय काय बदलावे लागते, याचे ज्ञान या शर्यतींतून साठत गेले.

त्याचा पाठ्यपुस्तकात शोभावा असा नमुना सुझुकीने स्वतःच घालून दिला. कंपनीची डीआर-झेड ४००एस ही बाईक २००० मध्ये आली. तिला एकवीस इंची पुढचे चाक होते आणि फोर्कचा प्रवास, म्हणजे चाक जास्तीत जास्त जेवढे वर-खाली होऊ शकते ते अंतर, सुमारे २९० मिलिमीटर होता. २००५ मध्ये तिचीच सुपरमोटो आवृत्ती ४००एसएम आली. इंजिन तेच. चाके मात्र सतरा इंची झाली, पुढची डिस्क २५० ऐवजी ३०० मिलिमीटरची झाली, आणि मुख्य म्हणजे फोर्कच बदलला. आरएम २५० या मोटोक्रॉस बाईकच्या जातीचा, अधिक ताठ, उलट्या नळ्यांचा फोर्क बसवून प्रवास २६० मिलिमीटरवर आणला गेला. केवळ चाके बदलून भागत असते तर कारखान्याने हा खर्च कशाला केला असता?

फोर्कची दोन कामे

फोर्कला दोन कामे करावी लागतात. एक, रस्त्यातला उंचसखलपणा गिळायचा. दोन, ब्रेक लावल्यावर पुढे धावून येणारे वजन तोलायचे. मातीत पहिले काम मोठे असते. उडी मारून खाली येताना, दगडधोंड्यांवरून जाताना चाकाला भरपूर वर-खाली होऊ द्यावे लागते, म्हणून स्प्रिंग मऊ आणि प्रवास लांब. मातीवर टायरची पकडच मर्यादित असल्याने ब्रेकही मर्यादेतच लागतो. डांबरावर हे गणित उलटे होते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. बाईक आणि स्वार मिळून वजन २२० किलो, दोन चाकांतले अंतर १,४६० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटर उंच आहे असे धरा. कोरड्या डांबरावर चांगला टायर असेल तर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट इतक्या जोराने वेग कमी करता येतो. तेवढ्या ब्रेकमध्ये सुमारे ८५ किलो भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर येतो. उभ्या बाईकच्या पुढच्या चाकावर मुळात १०० किलोच्या आसपास भार असतो, म्हणजे तो क्षणार्धात जवळजवळ दुप्पट होतो. मातीच्या बाईकची स्प्रिंग बहुधा एक मिलिमीटर दबण्यास ०.४४ किलो अशा कडकपणाची असते. दोन नळ्यांच्या मिळून ०.८८. मग फोर्क आणखी ९५ मिलिमीटर खाली बसणार! नळीतली दबलेली हवा थोडा हातभार लावते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी भरेल. तरीही बाईक नाक खुपसते, ती यामुळेच.

नाक खुपसण्याचा त्रास केवळ अस्वस्थतेपुरता नाही. सामानाच्या ट्रॉलीचे पुढचे चाक आपोआप सरळ का राहते, हे आठवून पाहा. चाक ज्या खुंटीवर फिरते तिच्या किंचित मागे ते जमिनीला टेकते, म्हणून ते तिच्या मागे ओढले जाऊन सरळ होते. बाईकलाही हेच लागू आहे. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायरच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे येतो. या दोहोंतले अंतर म्हणजे 'ट्रेल'. ट्रेल जितका जास्त तितकी बाईक सरळ राहण्याकडे कललेली. एकवीस इंची चाकाऐवजी सतरा इंची चाक बसवले की टायरची त्रिज्या सुमारे ४५ मिलिमीटरने घटते. मागे अठराचे सतरा होताना त्याच्या निम्मीच घट होते. परिणामी बाईक पुढे झुकते, फोर्क अधिक उभा होतो आणि १०५ मिलिमीटरचा ट्रेल घरात उभ्या बाईकवरच ७५-८० वर येतो. त्यावर ब्रेकमध्ये फोर्क ९५ मिलिमीटर खाली गेला, की उरतो जेमतेम ५५. ज्या क्षणी बाईक सर्वांत स्थिर हवी, त्याच क्षणी तिची स्थिरता निम्म्यावर आलेली असते. हँडल थरथरणे, वळणाआधी बाईक आत पडल्यासारखी वाटणे, मागचे चाक उचलले जाणे, ही सारी या हिशेबाची रूपे आहेत.

म्हणूनच 'बाईक झटपट वळावी' म्हणून फोर्कच्या नळ्या टीमधून आणखी वर सरकवणारे लोक पाहिले की आश्चर्य वाटते. त्याने पुढचा भाग अजून खाली येतो. सतरा इंची चाक लावल्यावर पुढची उंची आधीच हरवलेली असते. असेल तेवढी राखणे शहाणपणाचे.

प्रीलोडचा गैरसमज

यावर गॅरेजमधला हमखास उपाय ठरलेला असतो: 'स्प्रिंग टाइट करून देतो.' म्हणजे फोर्कच्या टोपीखाली एखादा लोखंडी तुकडा घालून किंवा वरचा नट फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची. यालाच प्रीलोड म्हणतात. यामुळे स्प्रिंग कडक होते, हा दुचाकीच्या जगातला बहुधा सर्वांत चिवट गैरसमज असावा. सरळ स्प्रिंग ०.४४ ची असेल तर ती कितीही दाबून बसवली तरी ०.४४ चीच राहते. प्रीलोडने फक्त बाईक उभी असतानाची उंची बदलते. ब्रेकमध्ये ८५ किलो भार आल्यावर ती आधी ९५ मिलिमीटर बसत होती, तर आताही तेवढीच बसते. फक्त थोड्या वरून सुरुवात करते. उलट प्रीलोड अति झाला तर दुसरे संकट उभे राहते. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. रस्त्यात खड्डा आला की चाकाने त्यात उतरायला हवे; ते अधांतरी राहते आणि टायरची पकड सुटते.

प्रीलोडचा खरा उपयोग 'सॅग' ठरवण्यासाठी. स्वार बसल्यावर फोर्क जितका आपोआप दबतो ते अंतर म्हणजे सॅग. ते मोजायला फूटपट्टी आणि दोन मदतनीस एवढेच पुरते. प्रथम बाईक उचलून पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कच्या चकाकत्या भागाची पूर्ण लांबी मोजावी. मग स्वाराने हेल्मेट-बूट घालून, नेहमी बसतो तसे बसावे. एका मदतनिसाने बाईक सरळ धरावी, दुसऱ्याने पुढचा भाग खाली दाबून अलगद वर येऊ द्यावा आणि लांबी मोजावी. नंतर पुढचा भाग वर उचलून अलगद खाली येऊ द्यावा आणि पुन्हा मोजावे. ही दोन मापे कधीच एक येत नाहीत. त्यांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग मिळतो. डांबरावरच्या रूपांतरित बाईकसाठी एकूण प्रवासाच्या पाव भागापासून किंवा त्याहून थोडा कमी सॅग धरून सुरुवात करावी. २६० मिलिमीटर प्रवास असेल तर ५५ ते ६५ मिलिमीटर.

त्या दोन मापांतला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तो घर्षणाचा पुरावा आहे. फरक मोठा असेल तर सील कोरडे आहेत, नळी वाकली आहे किंवा चाक बसवताना फोर्कचे दोन पाय एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. शेवटचे कारण सर्वांत जास्त आढळते आणि त्याचा उपाय फुकटचा आहे. चाकाचा एक्सल आवळून झाल्यावर, तो ज्या पायात मोकळा सरकू शकतो त्या पायाचे पकड-बोल्ट सैल ठेवावेत, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा जोराने खाली-वर करावा, पाय आपली नैसर्गिक जागा घेतात आणि मगच ते बोल्ट आवळावेत. हजारो रुपयांचे सुटे भाग घेण्याआधी ही पाच मिनिटे द्यावीत.

सॅग योग्य असूनही ब्रेकमध्ये फोर्क खोल बसत असेल तर मात्र स्प्रिंगच बदलायला हवी. ०.४४ ऐवजी ०.५० ची स्प्रिंग बसवली तर तेच ८५ किलो ९५ ऐवजी ८५ मिलिमीटर दाबतात. दहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण कडक स्प्रिंगला त्याच सॅगसाठी प्रीलोड कमी लागतो आणि उरलेले काम तेल व हवा यांच्याकडून करून घेता येते. स्वाराचे वजन हा येथे कळीचा मुद्दा आहे. साठ किलोच्या तरुणासाठी जी स्प्रिंग योग्य, ती नव्वद किलोच्या गृहस्थांसाठी अपुरीच. मित्राने अमुक स्प्रिंग टाकली म्हणून आपणही टाकावी, यात अर्थ नाही.

तेल आणि हवा

फोर्कच्या नळीत तेलावर जी हवा कोंडलेली असते, तीही स्प्रिंगच असते. फरक इतकाच की ती सुरुवातीला जवळजवळ जाणवत नाही आणि शेवटी झपाट्याने कडक होते. बंद जागेतली हवा निम्म्या जागेत कोंडली की तिचा दाब दुप्पट होतो, हा बॉईलचा नियम शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो. तेलाची पातळी वाढवली की हवेची जागा कमी होते आणि फोर्कच्या प्रवासाचा शेवटचा तिसरा भाग अधिक भक्कम होतो. डांबरावरच्या कामाला हे फार सोयीचे: लहान खाचखळग्यांवर फोर्क पूर्वीसारखाच मऊ राहतो आणि ब्रेकच्या खोलीत आधार मिळतो. पातळी मोजताना स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर घेतात. कंपनीने दिलेल्या मापापासून एका वेळी पाच, फार तर दहा मिलिमीटर तेल वाढवावे. दोन्ही पायांत अंतर तंतोतंत सारखे हवे. पिचकारीला बारीक नळी लावून जास्तीचे तेल ओढून घेतले की हे सहज साधते. तेल अति झाले तर हवेला दबायला जागाच उरत नाही आणि दाब सील फोडून बाहेर पडतो.

तेलाचा दाटपणा हा वेगळा विषय आहे. डब्यावर लिहिलेले '५ डब्ल्यू', '१० डब्ल्यू' हे आकडे फोर्कच्या तेलाच्या बाबतीत विश्वासार्ह नाहीत. एका कंपनीचे '५' दुसरीच्या '७.५' एवढे दाट असू शकते. तेलाच्या माहितीपत्रकात चाळीस अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक दाटपणा आहे ते दिलेले असते, तुलना त्यावरून करावी. आणि इंजिनचे ऑइल फोर्कमध्ये ओतण्याची जी पद्धत काही गॅरेजांत रुळली आहे, तिला ठाम नकार द्यावा.

दाट तेल टाकून नाक खुपसणे थांबवता येईल का? येथे एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो. फोर्कमधले तेल बारीक वाटांतून ढकलले जाते आणि त्या अडथळ्यामुळे हालचाल मंदावते; हेच डॅम्पिंग. दबतानाचे कॉम्प्रेशन, उसळून परत येतानाचे रिबाउंड. त्यात पुन्हा 'स्लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे भेद असतात. हा वेग बाईकचा नव्हे, फोर्कच्या नळीचा. ताशी शंभरच्या वेगाने जाताना ब्रेक लावला तरी फोर्क तुलनेने सावकाश दबतो, म्हणून ती स्लो स्पीडची हालचाल. उलट ताशी वीसने जाताना खड्ड्याची तीक्ष्ण कड लागली तर नळी अतिशय वेगाने आत जाते, ती हाय स्पीडची. डांबरावर येणाऱ्या बाईकला स्लो स्पीडचा अडथळा वाढवून हवा असतो आणि हाय स्पीडचा मात्र मऊच हवा असतो, निदान आपल्या रस्त्यांवर तरी!

साध्या फोर्कमध्ये तेल केवळ ठरावीक छिद्रांतून जाते. अशा छिद्रात वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. म्हणजे ब्रेकच्या वेळी हवा तेवढा आधार मिळत नाही आणि खड्ड्यात मात्र फोर्क दगडासारखा होतो. दाट तेलाने दोन्ही वाढतात. नाक थोडे कमी खुपसते, पण मनगटे आणि दात हिशेब चुकता करतात. एक्सपल्स २०० च्या मूळ फोर्कचा प्रवास १९० मिलिमीटर आहे आणि बाहेरून डॅम्पिंग फिरवण्याची सोय त्याला नाही. तेथे स्प्रिंग, तेलाची पातळी आणि माफक दाटपणा एवढ्यावरच भागवावे लागते. कार्ट्रिज फोर्कमध्ये छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. दाब वाढला की चकत्या वाकून तेलाला वाट करून देतात, त्यामुळे हाय स्पीडचा अडथळा बेलगाम वाढत नाही. ही चवड बदलणे जाणकाराचेच काम आहे, घरच्या घरी करून पाहण्याचे नव्हे. बाकी सोनेरी रंगाच्या, उलट्या नळ्यांचे देखणे फोर्क बाजारात मिळतात. पण आत काय आहे हे सांगता येत नसेल तर तो दागिनाच.

क्लिक मोजण्याची शिस्त

बाहेरून फिरवता येणारे स्क्रू असतील तर सर्वांत आधी सध्याची स्थिती लिहून ठेवावी. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण आत नेत क्लिक मोजायचे. तोच आपला आकडा. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक आणि तोच ओळखीचा रस्ता. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

कॉम्प्रेशन दोन-दोन क्लिकने वाढवत न्यावे, ब्रेक लावल्याबरोबर बाईक धाडकन पुढे कोसळण्याऐवजी ठाम गतीने बसू लागेपर्यंत. लहान खड्ड्यांवर हँडल हाताला ठोके देऊ लागले तर दोन क्लिक मागे यावे. रिबाउंड अधिक फसवे आहे. ते फार सैल असेल तर वळणात शिरताना ब्रेक सोडल्याबरोबर पुढचा भाग उसळतो आणि बाईक ठरवलेल्या रेषेबाहेर पळते. ते फार आवळले तर फोर्क एका धक्क्यातून सावरण्याआधीच दुसरा धक्का येतो आणि तो प्रत्येक धक्क्यागणिक खाली खाली बसत जातो. घाटात किंवा महामार्गावर लागोपाठ रम्बलरच्या पट्ट्या असतात, तेथे याची परीक्षा आपोआप होते. पहिल्या दोन पट्ट्या मऊ लागल्या आणि पाचवी-सहावी हाडांत शिरली, तर रिबाउंड सैल करायला हवे.

फोर्कच्या चकाकत्या नळीवर प्लास्टिकची एक बारीक पट्टी घट्ट बांधून ठेवावी. फोर्क दबताना ती सरकते आणि किती खोल गेला होता ते दाखवत तिथेच थांबते. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर केलेल्या कडक ब्रेकनंतर प्रवासाचा निदान पाव भाग शिल्लक असावा. त्याच ब्रेकमध्ये खड्डा आला तर तो गिळायला एवढी जागा लागते. पट्टी कधीच अर्ध्याच्या पुढे जात नसेल तर फोर्क अनावश्यक कडक झाला आहे.

कायद्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब अधोरेखित केली आहे. केवळ ट्रॅकसाठी विकल्या जाणाऱ्या, नोंदणीच नसलेल्या मोटोक्रॉस बाईकवर दिवे-आरसे लावून ती रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीकृत बाईकच्या चाकांचा आकार बदलण्याआधीही आरटीओत विचारून घ्यावे, अन्यथा अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. फोर्कचे तेल, सॅग आणि क्लिक यांची जुळणी ही मात्र देखभालीचीच कामे आहेत. मूळ चाकांवर बाईक चालवणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी पडतात.

उन्हाळ्यात बसवलेली जुळणी पावसाळ्यात तशीच ठेवू नये. ओल्या रस्त्यावर टायरची पकड घटते, ब्रेक हलका लावावा लागतो, म्हणून पुढे येणारा भारही कमी होतो. कोरड्या रस्त्यासाठी ताठ केलेला फोर्क तेव्हा पुरेसा दबत नाही, टायर रस्त्यावर दाबला जात नाही आणि पुढचे चाक लॉक होण्याची भीती वाढते. जूनच्या पहिल्या सरीनंतर कॉम्प्रेशन दोन-तीन क्लिक आणि रिबाउंड एखादा क्लिक सैल करावे, आणि ऑक्टोबरमध्ये वहीतला जुना आकडा पाहून पुन्हा आवळावे. तेव्हाच फोर्कचे तेलही काढून पाहावे. ते काळपट आणि पाणचट झालेले असेल तर क्लिक फिरवून काहीही साधणार नाही.